दीड आणि दीड

वेंगुर्ल्याच्या सेतू केंद्रात दुसऱ्या टेबलाशी बसते मी.
माझ्या कीबोर्डवरचा 'ध' नीट उमटत नाही,
'वृद्ध' लिहायला दोनदा दाबावं लागतं.

शेवंती तोरसकर आली मासळीबाजार उठल्यावर,
पदराला हात पुसत. खुर्ची दिली तर बसेना.
"खुर्चेक वास लागतलो," म्हणाली.

मग उभ्यानेच हिशेब मांडला, बोटांवर:
एकट्या म्हाताऱ्याला मानधन दीड हजार,
एकट्या म्हातारीला दीड हजार,
नवरा-बायको असतील तर दोघांत मिळून दोन.
परिपत्रकात कारण दिलंय:
एका चुलीवर दोघांचं भागतं.
"चुलीक इचारल्यानी काय?"

तिच्या घरामागे, माडांपलीकडे,
फिलोमिन फर्नांडिस आणि दाजी केळुसकर.
तीस वर्षं एक उंबरा, एक विहीर, एकच कोंबड्यांचं खुराडं.
देवळाचं आणि इगर्जीचं एकमत होईना
म्हणून लग्न राहिलं, ते राहिलंच.
सरकारी कागदावर दोघंही एकटी.
दीड आणि दीड.

"म्हंजे माज्या मंगळसूत्राचो भाव म्हयन्याक हजार रुपये?
आनी तो मीच भरूचो?"

मी टाइप केलं:
विषय – समान वागणूक मिळणेबाबत.
ती म्हणाली, आमी काय पाप केलाव,
मी लिहिलं, सदर बाब अन्यायकारक आहे.
मोतीराम इतका वेळ बाहेर पायरीवर होता,
सुतळीने बांधलेला चष्मा सावरत.
अंगठा उठवायला आत आला आणि एवढंच विचारलं,
"फिलोमिनचा नाव घातलंस नाय मा?"
नाही, म्हटलं.
नाव घातलं नव्हतं.
उदाहरण घातलं होतं.

उत्तर आठ महिन्यांनी आलं. मीच वाचून दाखवलं.
अर्जदारांचे म्हणणे रास्त आहे.
विवाहित व अविवाहित यांत भेद करता येणार नाही.
शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं,
पोर पास झाल्यासारखं.
सबब, एका छताखाली राहणाऱ्या सर्व जोडप्यांना
यापुढे समान, म्हणजे एकत्रित रुपये दोन हजार.

"परत वाच."
वाचलं.
"आमचा वाढला?"
नाही.
"मगे समान कसा झाला?"

चाळीस वर्षं तराजू धरलेली बाई ती.
काटा सरळ करायचा तर हलक्या पारड्यात टाकायचं,
हे तिला शिकवायला नको.
जड पारड्यातून काढूनही तो सरळ होतो,
हेही तिला ठाऊक होतं.
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तिने ते कधी केलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस ती बाजाराला
माडांखालून गेली नाही,
टोपली डोक्यावर घेऊन खाडीकडून वळसा घालायची.

तलाठी पंचनाम्याला गेला फिलोमिनकडे.
चूल किती, खाटा किती, वीजमीटर कुणाच्या नावे.
शेवटी, मान खाली घालून,
तुम्ही दोघं नवरा-बायको का?
तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
दाजी उठून कोंबड्या झाकायला गेला, भर दुपारी.
फिलोमिन हसली म्हणे, पाणी येईपर्यंत डोळ्यांत:
"गावान मानल्यान नाय, देवळान नाय, इगर्जीन नाय.
शेवटी सरकारान लगीन लावल्यान.
आयार म्हणान हजार कापल्यान."

हे मला फिलोमिननेच सांगितलं,
काल, या टेबलाशी.
शेजारी शेवंती. मधे कागदात बांधलेले चार बांगडे,
कुणी कुणाला आणले होते कोण जाणे.
दोघी खुर्चीवर बसल्या. वास लागायचा तो लागला.

मी नवीन पान उघडलं.
'विषय' लिहून थांबले.

"ह्या खेपेक समान लिवू नको," शेवंती म्हणाली.
मग काय लिहू?
तिने फिलोमिनकडे पाहिलं, फिलोमिनने तिच्याकडे.

"दीड लिव.
चार खेपे लिव."